भाडे, अंतर आणि चौथी सीट

शहराच्या केंद्रापासून जसजसे दूर जावे तसतसे जागेचे भाडे उतरते आणि वाहतुकीचा खर्च चढतो, हे तत्त्व आज मुंबईतील कोणताही घरदलाल कटिंग चहा संपायच्या आत समजावून देत असला, तरी त्याची शास्त्रशुद्ध मांडणी प्रथम केली ती योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने, आणि तीही १८२६ साली. त्याने एका एकाकी नगराची कल्पना करून त्याभोवती चार वलये आखली: सर्वांत जवळच्या वलयात दूध आणि भाजीपाला, कारण हा माल नासतो, दुसऱ्यात सरपणाचे रान, कारण लाकूड वाहून आणायला जड, तिसऱ्यात धान्य, आणि सर्वांत बाहेरच्या चौथ्या वलयात गुरेढोरे, कारण त्यांना बाजारात आणण्यासाठी गाडीभाडे पडत नाही, ती आपल्या पायांनी चालत येतात. पुढे विल्यम अलोन्सो या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली हेच तत्त्व आधुनिक शहरातील घरांना लावले. वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे मिठी नदीकाठच्या खाजणावर उभी राहिलेली आणि लोकांच्या तोंडी 'बीकेसी' झालेली वित्तनगरी, हिला ते लावायचे झाल्यास असे म्हणता येईल की वरिष्ठ अधिकारी हा नाशवंत माल असल्यामुळे तो जवळपास ठेवला जातो, आणि कनिष्ठ विश्लेषक विरार, बदलापूर, डोंबिवली अशा चौथ्या वलयातून आपापल्या पायांनी येतात. प्रस्तुत लेखक या चौथ्या वलयातीलच आहे. मात्र ते मान्य करण्यास त्याला चौदा महिने, चार दलाल, एक पत्नी आणि एक्सेलची एक फाइल लागली, व या निबंधात त्याच विलंबाची कारणमीमांसा करावयाची आहे.

अलोन्सोच्या मांडणीत भाडे आहे, अंतर आहे, घरभाडे व प्रवास वजा जाता उरलेला पैसा आहे, लाज नाही. हा दोष त्या विद्वानाचा नव्हे, कारण त्याला मिरजेहून दर रविवारी फोन येत नव्हता. लेखकाच्या मातुल घराण्यात 'वांद्र्याला नोकरी' या शब्दप्रयोगाचा अर्थ 'वांद्र्याला बंगला' असा परस्पर लावला गेला होता आणि लेखकाने तो गैरसमज दूर करण्याची कोणतीही घाई केली नव्हती. पहिले चौदा महिने तो कालिन्यात 'कॉट बेसिस'वर राहिला. कॉट बेसिस म्हणजे घर नव्हे, खोलीही नव्हे, तर खाट भाड्याने घेण्याची पद्धत, जिच्यात भाडेकरूचे राज्य गादीच्या चार कोपऱ्यांपाशी संपते आणि खाटेखालची बॅग हे त्याचे कोठार असते. ही खाट कालिन्यात असली तरी पिनकोडाच्या आधारे ती सांताक्रूझमध्ये असल्याचे सिद्ध करता येत असे, आणि लेखक ते प्रत्येक समारंभात सिद्ध करीत असे.

या विकारात लेखक एकटा नाही, हे नोंदवणे त्याच्या बचावासाठी आवश्यक आहे. लोअर परळमधील सदनिका जाहिरातीत 'अपर वरळी'त जातात, वडाळ्याच्या बाजूस 'न्यू कफ परेड' उगवते आणि कुर्ला हे 'बीकेसी ॲनेक्स' होते. ज्या परळला आज 'लोअर' म्हणवून घेण्याचा संकोच वाटतो, ते परळ एकेकाळी गिरणगाव होते, आणि तेथील कामगार भोंगा झाला की चाळीतून उतरून चालत गिरणीत जात असे. त्याच्या एका खोलीत दहा-बारा माणसे पाळीपाळीने झोपत, तेव्हा या व्यवस्थेला सुखाची म्हणण्याचा चावटपणा कोणी करू नये; परंतु कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणे ही तेव्हा या शहरात गरिबाची रीत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, गिरण्या एकामागून एक थंडावल्या, त्यांच्या जमिनींवर काचेच्या इमारती चढल्या, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी ती वस्ती वसवली त्यांच्यापैकी कित्येकांची मुले कर्जत-कसाऱ्याच्या दिशेने सरकली. आता त्या काचेमागे बसून कर्जदारांची पत मोजणारा विश्लेषक भोंग्याऐवजी मोबाइलच्या गजराने पावणेसहाला उठतो. प्रगती झाली आहे हे खरे. फक्त ती तीस-पस्तीस किलोमीटर लांबून यावी लागते.

लग्न ठरल्यावर खाट अपुरी पडणार हे उघड झाले, आणि लेखकाने आपल्या व्यवसायाला शोभेल असा मार्ग स्वीकारला: त्याने एक मॉडेल बांधले. वित्तव्यवसायात मॉडेल म्हणजे अज्ञानाची दोन दशांश स्थळांपर्यंत केलेली मांडणी. उभ्या रकान्यांत भाडे, डिपॉझिट, दलाली, सोसायटीचा देखभाल खर्च, पाण्याच्या वेळा आणि प्रवासाची मिनिटे आली. आडव्या ओळींत कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत सव्वीस ठिकाणे आली. मिनिटांचे रुपये करण्यासाठी 'संधी-खर्च' ही संकल्पना वापरली गेली, म्हणजे एखादी गोष्ट करण्यात वेळ घालवल्यामुळे दुसरी जी कमाईची संधी हुकते तिचे मूल्य. त्यासाठी लेखकाने आपला पगार कामाच्या तासांनी भागला आणि जो आकडा आला तो पाहून काही काळ त्याला स्वतःविषयी आदर वाटला. पुढे वाचलेल्या तासात आपण नेमके काय करतो याची प्रामाणिक नोंद आठवडाभर ठेवल्यावर असे दिसून आले की त्या तासाचा बहुतांश भाग अनोळखी लोक अनोळखी प्रांतांत अवाढव्य कढईत भजी तळत असल्याची चित्रफीत पाहण्यात जातो. ही नोंद मॉडेलमध्ये समाविष्ट केली गेली नाही.

मॉडेलने निर्विवाद कौल दिला तो कुर्ला पश्चिमेला. तेथून कचेरी शेअर रिक्षाच्या टप्प्यात, लोकल पकडण्याची भानगड नाही, भाडे सोसण्याजोगे. लेखकाने 'कुर्ल्याला राहतो' हे वाक्य आरशासमोर दोनदा उच्चारून पाहिले आणि मग फाइल उघडून 'प्रतिष्ठा' नावाचा एक रकाना वाढवला. या रकान्याला आधी दहा टक्के भार दिला, तरी कुर्ला पहिलेच. वीस टक्के दिला, तरी पहिलेच. छत्तीस टक्क्यांवर मात्र विलेपार्ले पूर्वने अर्ध्या गुणाने बाजी मारली आणि लेखकाने तत्क्षणी फाइल जतन केली. हव्या त्या उत्तरापर्यंत भार हलवत नेण्याच्या या क्रियेला व्यवसायात 'कॅलिब्रेशन' असे भारदस्त नाव आहे, आणि इतरांच्या अर्जांबाबत ती केली असता तिचा पगार मिळतो.

पार्ल्याच्या घरशोधाचा वृत्तान्त थोडक्यात उरकणे श्रेयस्कर. दलालाचे 'स्टेशनपासून पाच मिनिटे' हे माप पहाटे चार वाजता, उतारावर आणि धावत गेल्यास खरे ठरते. क्षेत्रफळाचे तीन प्रकार असतात: कार्पेट, म्हणजे जेथे प्रत्यक्ष चटई अंथरता येते ते, बिल्टअप, ज्यात भिंतींची जाडीही भाडेकरूच्या पदरात पडते, आणि सुपर बिल्टअप, ज्यात जिना, लिफ्ट आणि वॉचमनची खुर्ची यांतील वाटा मिळवून वन बीएचके हा राजवाड्याच्या तोडीचा केला जातो. हे सर्व विनोदाने सोसता येते. मालकांच्या मुलाखती मात्र तशा सोसता आल्या नाहीत. पगार विचारण्याआधी आडनाव विचारले जाई, आडनावावरून स्वयंपाकघरात काय शिजेल याचा अंदाज बांधला जाई, आणि अंदाज सुकटीपर्यंत पोहोचला की घर 'कालच दुसऱ्यांना दिले' असे निघे. तीन ठिकाणी हे झाल्यावर चौथ्या ठिकाणी लेखकाने, ज्याच्या आजोळी बोंबील वाळत घालण्याची दोरी वेगळी असे, त्याने 'आमच्याकडे कांदासुद्धा जपूनच' असे उत्तर दिले. घर तरीही मिळाले नाही. पण ते मिळाले नाही याची खंत फार काळ टिकली नाही आणि ते वाक्य उच्चारल्याची अजून टिकून आहे. ज्या शहराच्या नावासाठी आणि भाषेसाठी माणसे भांडली त्या शहरात एखाद्याच्या ताटाची झडती जिन्यावरच घेतली जावी आणि त्याने ती निमूट द्यावी, यातील दुसरा भाग अधिक लाजिरवाणा आहे, आणि तो कोणत्याही मालकाच्या माथी मारता येत नाही.

येथे कायद्याचा थोडा परामर्श घेणे अगत्याचे आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलेली भाडी आणि त्यातून बळावलेली पागडी यांमुळे मुंबईचा घरमालक भाडेकरू या प्राण्याला इतका धास्तावला, की त्याने भाडेकरू ठेवणेच सोडून 'लीव्ह अँड लायसन्स' धरला, म्हणजे घरात राहण्याची केवळ परवानगी, हक्क नव्हे. हा करार अकरा महिन्यांचा करण्याचे मूळ कारण असे, की वर्षभराहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी केंद्रीय कायद्याने सक्तीची आहे. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यातील कलम ५५ अन्वये येथे करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, तेव्हा अकराचा आकडा आता केवळ परंपरेने, सत्यनारायणाच्या प्रसादातील सव्वाच्या मापासारखा, टिकून आहे. प्राप्तिकर खात्याचेही एक स्वतंत्र भूगोलशास्त्र आहे. घरभाडे भत्त्यावरील सवलत मोजताना जुन्या करप्रणालीत मुंबईकराच्या वेतनाचे ५० टक्के धरले जातात आणि ठाणेकराचे ४० टक्के. त्यामुळे मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे झोपणारा मनुष्य महानगरी असतो व पलीकडे झोपणारा नसतो, मग दोघांची घामट कोपरे सकाळी एकाच लोकलमध्ये एकमेकांच्या बरगडीत का असेनात.

अखेर ती फाइल भावी पत्नीला दाखवण्यात आली. तिने सव्वीस ओळी आणि एकोणीस रकाने शांतपणे वाचले, भार, गुणांक आणि रंगीत आलेख यांचे कौतुक केले, आणि विचारले, "यात माझी शाळा कुठे आहे?" ती कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवत होती व आजही शिकवते. एकोणीस रकान्यांत वॉचमनच्या खुर्चीला जागा मिळाली होती, गणिताच्या शिक्षिकेला नव्हती. फ्राय आणि स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मन कुटुंबांच्या माहितीवरून दाखवून दिले आहे, की लांबच्या प्रवासाने माणसाचे जे समाधान घटते त्याची भरपाई स्वस्त घर किंवा जास्त पगार पुरेशी करत नाही. परंतु या प्रवासाची मिनिटे नवऱ्याने मोजायची की बायकोने, हा प्रश्न प्रस्तुत प्रकरणी त्याआधीचा होता. घर डोंबिवलीला घेण्यात आले. 'प्रतिष्ठा' या रकान्यात डोंबिवलीला शून्य होते.

डोंबिवलीहून कुर्ल्याला जाणाऱ्या माणसाचे खरे विद्यापीठ म्हणजे चौथी सीट, आणि या विषयाकडे शास्त्रकारांनी केलेले दुर्लक्ष पाहता येथे थोडा विस्तार क्षम्य ठरावा. लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यातील बाक तीन माणसांसाठी बनवलेले असते. तीन माणसे बसल्यावर त्याच्या कडेला जी चार-सहा बोटे जागा उरते, किंवा उरत नाही पण उरली आहे असे सर्वानुमते मानले जाते, तिला चौथी सीट म्हणतात. ती रेल्वेने दिलेली नाही, कोठे लिहिलेली नाही आणि कोणत्याही न्यायालयात सिद्ध होणार नाही. तरीही गर्दीच्या वेळी ती कोणी नाकारत नाही. कारण नाकारणाऱ्यालाही कधीतरी चौथे व्हावे लागते, हे प्रत्येकाला ठाऊक असते. चौथ्याचा एक नितंब भारतीय रेल्वेच्या मालकीवर असतो आणि दुसरा निव्वळ श्रद्धेवर. त्याचे पाय वाटेत, पाठ तिरकी आणि सारा भार उजव्या गुडघ्यावर असतो. गर्दीच्या वेळच्या लोकलसाठी रेल्वेच्या परिभाषेत एक संज्ञा आहे, जिच्यानुसार दर चौरस मीटरला चौदा ते सोळा उभे प्रवासी धरले जातात. अशा डब्यात अर्धवट का होईना बसलेला मनुष्य हा सरंजामदारच होय.

चौथी सीट मागण्याचीही एक पद्धत आहे. 'बसू का?' असे विचारणारा नवखा. जाणकार काहीच विचारत नाही. तो बाकाच्या टोकाशी उभा राहतो, तिसऱ्याच्या खांद्याकडे पाहतो आणि 'जरा' एवढेच म्हणतो. या 'जरा'चे क्रियापद कधीच उच्चारले जात नाही. मग तिसरा दुसऱ्याकडे, दुसरा खिडकीवाल्याकडे बघतो, तिघेही सरकल्याचा अभिनय करतात, आणि त्या अभिनयातून दोन बोटे जागा खरोखर निर्माण होते. पदार्थविज्ञानाने या घटनेचा अभ्यास केलेला नाही. त्यानंतर उभ्यांची दप्तरे हातोहात फळीवर जातात, देणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहिलेले नसते आणि कुर्ल्याला दप्तर त्याच वाटेने उलट परत येते. लेखकाच्या लॅपटॉपमध्ये संस्थेची गोपनीय माहिती असते, ती ज्या चौदा हातांतून रोज जाते त्यांतील एकाचीही त्याने पत तपासलेली नाही. ठाणे गेले की बसलेल्यांपैकी कोणीतरी गुडघ्यावर हात ठेवून उठतो आणि उभ्या सोबत्याला 'बस आता' म्हणतो. याला कोणताही करार नाही, अकरा महिन्यांचाही नाही.

लेखकाने प्रारंभी पहिल्या वर्गाचा पास काढला होता हेही येथे कबूल केले पाहिजे. पहिल्या वर्गात गादी असते, इंग्रजी वर्तमानपत्र असते आणि गर्दी तितकीच असते. परंतु तेथे चौथ्याला बसू देण्याचा रिवाज सहसा नाही, कारण तिघांनीही चौथा नसण्याचेच पैसे भरलेले असतात. तीन महिन्यांनी लेखक पहिल्या वर्गाचा पास खिशात ठेवून दुसऱ्या वर्गात बसू लागला. तेथील मंडळी त्याला नावाने ओळखत नाहीत, 'बीकेसी' म्हणतात, आणि ज्या तीन अक्षरांनी मिरजेत त्याची मान ताठ होत असे, तीच येथे 'ओ बीकेसी, पाय घ्या आत' अशी ऐकताना त्याला अधिक खरी वाटतात.

थ्यूनेनच्या सिद्धांतात एक उणीव मात्र राहून गेली आहे. त्याची गुरे चालत बाजारात येतात, पण त्यांच्या परतीच्या प्रवासाचा हिशेब त्याने कोठेही केलेला नाही, कारण ती परत जात नसत. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जाताना दारात लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काहीजण घरी परतले नाहीत. त्या दिवशी शेअर बाजार नेहमीप्रमाणे सव्वानऊला उघडला. दुसऱ्या दिवशी डब्यात या विषयावर फारसे बोलणे झाले नाही. फक्त दारात उभ्या असलेल्या एका कोवळ्या पोराला आतल्या माणसाने दंडाला धरून ओढले, तिघांनी 'जरा' न म्हणताच सरकून घेतले आणि त्या बाकावर त्या सकाळी पाचवी सीट अस्तित्वात आली.

अलीकडे या अभ्यासात एक नवी बाब आढळून आली आहे. कल्याणला संपणारी आणि तेथूनच मुंबईकडे परत फिरणारी लोकल डोंबिवलीला आधीच पकडून उलट दिशेने जाण्याची, म्हणजे पूर्वेला जाण्यासाठी पश्चिमेकडे तोंड करण्यासारखी, एक जुनी युक्ती आहे. तिने वेळ वाया जातो, पण सीट पक्की होते. लेखक हल्ली ही युक्ती करतो. पत्नीला कल्याणलाच जायचे असते, तेव्हा त्या आठ-दहा मिनिटांपुरती ती महिलांचा डबा सोडून जनरल डब्यात चढते. लेखक तिसऱ्या सीटवर असतो, ती चौथ्या; ती दहावीच्या वह्या मांडीवर घेऊन घाईघाईने तपासते, चुकलेल्या त्रैराशिकाखाली लाल रेघ ओढते, आणि गाडी कल्याणला शिरू लागली की वह्या पिशवीत कोंबून उठते. तिची जागा लगेच दुसरा कोणीतरी घेतो.

या फेरीमुळे लेखकाच्या प्रवासात रोज सुमारे वीस मिनिटांची भर पडते, आणि त्याच्या तासाच्या दराने महिन्याकाठी निघणारी रक्कम पाहता, फाइल पुन्हा उघडणे भाग पडले. 'प्रतिष्ठा' हा रकाना काढून टाकण्यात आला, 'सीटची निश्चिती' असा नवा रकाना घालण्यात आला, त्याचा भार दहापासून वाढवत नेला, आणि एकेचाळीस टक्क्यांवर डोंबिवली सव्वीस ठिकाणांत पहिली आली. उलटे जाण्याचे कारण कोणी विचारल्यास ते केवळ सीटसाठी आहे असे लेखक सांगतो, आणि मॉडेलमध्येही तसेच नमूद केलेले आहे.